‘परिसंस्था सेवा’ म्हणजे नक्की कुणी कुणाची केलेली सेवा?

गाळपेर: एका रिपोर्टचं मराठी करतोय. विषय असा की पाणलोटात कुठे दुरुस्ती करायची आणि कुठे जे आहे ते नुसतं राखायचं, हे तिथल्या इकोसिस्टम सर्व्हिसेस (म्हणजे तिथली झाडं, माती, ओढे, जीवजंतू मिळून, म्हणजे परिसंस्था, माणसाच्या उपयोगाचं जे करते ते) बघून ठरवा. पहिल्याच वाक्यात अडलोय. ‘परिसंस्था सेवा’ लिहिलं तर बायको विचारते, परिसंस्थेची सेवा करायची का, गोसेवा करतात तशी? दुसरा शब्द आहे का कुणाकडे?

कानामात्रा: वहिनींचं बरोबर आहे. देशसेवा, रुग्णसेवा, गोसेवा, सगळीकडे पहिला शब्द सेवा करून घेणारा. उलट बससेवा, टपालसेवा म्हटलं की आपण बसची सेवा करत नाही, बस आपली करते. समास दोन्हीकडे झुकतो आणि समोर निसर्गाबिसर्गासारखं पूज्य काही आलं की मराठी माणूस आपोआप हात जोडतो. मूळ शब्दातली सेवा देवळातली नाही, अर्थशास्त्रातली आहे, वस्तू आणि सेवा म्हणतो ना तीच. २००५ च्या मिलेनियम असेसमेंटने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने झालेल्या जगभरच्या परिसंस्थांच्या आढाव्याने, तिचे चार गट केले: पुरवठ्याच्या, नियमनाच्या, सांस्कृतिक आणि आधारभूत. मी ‘परिसंस्थेकडून मिळणाऱ्या सेवा’ लिहीन, लांबलचक आहे पण कुणी आरतीचं ताट घेऊन धावणार नाही.

ओघळ: ‘निसर्गाचं देणं’ म्हणा की. आयपीबीईएसवाल्यांनी (जैवविविधता आणि परिसंस्थांवरचं देशोदेशींच्या सरकारांचं व्यासपीठ) पण २०१८ मध्ये सेवा हा शब्द मागे ठेवून माणसाला निसर्गाकडून काय मिळतं अशा अर्थाची शब्दरचना पुढे आणलीच आहे.

कानामात्रा: देणं म्हणजे कर्ज पण होतं ना. ‘माझं त्याचं देणं आहे’. वाचणारा म्हणेल आपण निसर्गाला काहीतरी देणं लागतो. खरंही असेल, पण रिपोर्टात तो अर्थ नाही.

ओघळ: मग सरळ ‘लाभ’.

पन्हळ: लाभ नको हो, तिथेच घोळ होतो, मी या कामात आहे म्हणून सांगते. कार्य, सेवा आणि लाभ हे तीन वेगळे आहेत आणि निर्णय या तिघांच्या फरकावरच होतो. समजा दोन डोंगरउतार आहेत, दोन्हीवर गवत सारखंच, दोन्ही वर्षाला सारखीच माती धरून ठेवतात, म्हणजे कार्य सारखं. पण एकाच्या खाली धरण आहे ज्यातून शहराला पाणी जातं आणि दुसऱ्याच्या खाली मैलोन्‌मैल वस्तीच नाही. पहिल्या उतारावरचं गवत गेलं तर गाळ थेट धरणात, म्हणून गाळ रोखण्याची सेवा तिथे मोठी, दुसरीकडे जवळजवळ नाहीच. पैसा एकाच उताराला पुरणार असेल तर कुठे लावायचा हे इथे कळतं, नुसता ‘सगळ्यात खराब झालेला भाग आधी’ असा नियम लावला तर भलत्याच डोंगरावर चर खणत बसाल. आणि लाभ म्हणजे धरणाचा गाळ काढायचा वाचलेला खर्च, तो शेवटी येतो.

न्यूयॉर्कनं १९९७ च्या करारात हेच केलं. शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी फिल्टर प्लांटचा अंदाज ६ ते ८ अब्ज डॉलरचा होता, त्याऐवजी जिथून ते पाणी येतं त्या कॅट्सकिल-डेलावेअरच्या पाणलोटात जमिनी घेतल्या (विकायला तयार असणाऱ्यांकडूनच), लोकांच्या सेप्टिक टाक्या दुरुस्त केल्या, गुरं ओढ्यात उतरू नयेत म्हणून कुंपणं घालायला शेतकऱ्यांना पैसे दिले. कुंपण घालणं ही सेवा नव्हे बरं का, तो उपाय. ओढ्याकाठची झाडी पाणी गाळते ती सेवा.

कानामात्रा: सुंदर. ‘पाणलोट’बद्दल एक. ब्रिटिश इंग्रजीत वॉटरशेड म्हणजे दोन खोऱ्यांमधली रेघ, आपला जलविभाजक. अमेरिकन वापरात मात्र त्या रेघेच्या आतलं अख्खं क्षेत्र. रिपोर्ट कुठला आहे ते बघा, नाहीतर रेघेवर झाडं लावायला सांगाल.

गाळपेर: अमेरिकन आहे, वाचलो. आणि रेस्टोरेशनला ‘पुनर्संचयन’ चालेल?

कानामात्रा: संधीनं पुनःसंचयन होतं, पण आता कोण ऐकतंय.

पन्हळ: शब्द कुठलाही घ्या, फक्त ‘वृक्षारोपण’ नको. दक्षिण आफ्रिकेत १९९५ पासून वर्किंग फॉर वॉटर या सरकारी कार्यक्रमात झाडं तोडतात, बाहेरून आलेली पाइन, वॅटल, निलगिरी, कारण ती तिथल्या मूळच्या झुडपांपेक्षा जास्त पाणी पितात आणि ओढ्याचा प्रवाह घटतो. तिथे पूर्ववत करणं म्हणजे कुऱ्हाड. लाकूड हवं की पाणी, हे वाढलं की ते घटतं. रिपोर्टात ट्रेड-ऑफ आला असेल तर त्याला ‘देवाणघेवाण’ करू नका, कुणी कुणाला काही देत नाहीये, ‘एकापायी दुसऱ्याची घट’ असं उघड लिहा.

ओघळ: आणि पाणी मुरतं त्याला ‘जिरणं’च लिहा, अंतःस्यंदन वगैरे वाचून माणसाचीच जिरते.

गाळपेर: असं केलंय, बघा: “पाणलोटातला कोणता भाग आधी सुधारायचा हे ठरवताना, त्या भागाकडून कोणत्या सेवा मिळतात आणि त्या खाली कुणापर्यंत पोचतात ते पाहावं.” बायको म्हणाली, आता कळलं.

पन्हळ: ‘आणि कुणाची घट होते’ राहिलं की.

गाळपेर: घालतो.