सांगलीत नवीन फ्लॅट, बिल्डर म्हणतोय ओसी (महापालिकेचा राहायला परवानगीचा दाखला) नंतर येईल, आधी किल्ली घ्या, काय करावं?

तासगावकर:
नमस्कार मंडळी. आई-बाबांसाठी सांगलीत फ्लॅट घेतलाय, कोल्हापूर रोडच्या आतल्या बाजूला, टूबीएचके, कार्पेट ६८० फूट, पार्किंग धरून ३९ लाख. प्रोजेक्ट २०२१ नंतरचा, रेरा (घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा) नंबर आहे, साठेखत रजिस्टर झालंय आणि ९५ टक्के पैसे गेलेत. आता बिल्डरच्या ऑफिसातून सारखा फोन, बिल्डिंग तयार आहे, राहिलेले भरा, दसऱ्याला वास्तुशांत करून टाका. ओसीचं विचारलं की फाईल महापालिकेत आहे म्हणतात, दोघा-तिघांनी तर सामान पण लावलंय. मी पुण्यात नोकरीला, तिथं बाबाच बोलतात आणि माणूस ओळखीचा म्हणून त्यांना भीड पडते. ताबा घ्यावा का? जीएसटी पण ५ टक्क्यानं लावलाय, तो बरोबर आहे का? आणि २०१९ ला त्या भागात पुराचं पाणी होतं का नव्हतं, जो तो वेगळंच सांगतोय.

विश्रामबागवाली:
दादा, ओसी हातात आल्याशिवाय शेवटचे ५ टक्के देऊ नका, बाबांना पण हेच सांगा. रेराचा जो नमुना करार आहे त्यात हप्ते ठरवून दिलेत, लिफ्ट, पंप, लायटीचं काम झालं की ९५ टक्क्यांपर्यंत आणि राहिलेली रक्कम ताबा देताना, ते पण ओसी आल्यावर. तुमचं साठेखत काढून हप्त्यांचं कलम वाचा, बहुतेक तेच शब्द असतील. ओसी आणायची जबाबदारी कायद्यानं बिल्डरची आहे आणि ओसी आल्यावर दोन महिन्यात ताबा घ्यायचा अशी आपली, म्हणजे आज तुम्ही किल्ली घेतली नाही तर तुमचं काहीच चुकत नाही. हे पाच टक्के म्हणजे तुमच्या हातातली शेवटची दोरी आहे, ती सोडली की मग फोन तुम्ही करायचे आणि त्यांनी उचलायचे नाहीत.

माझ्या भावाच्या बिल्डिंगमध्ये असंच झालं, सगळ्यांनी आधी राहायला जायची घाई केली, मग कितीतरी दिवस बांधकामाच्या तात्पुरत्या कनेक्शनवर लाईट आणि पाण्याला टँकर, आणि एकानं फ्लॅट विकायला काढला तर घेणाऱ्याला बँक लोन देईना.

जीएसटीचं, तुमचा फ्लॅट ४५ लाखाच्या आत आणि कार्पेट ९० चौरस मीटरच्या आत, म्हणजे साधारण ९६८ फुटाच्या आत आहे, सांगली काही मेट्रो नाही, मग १ एप्रिल २०१९ नंतरच्या प्रोजेक्टला १ टक्का लागतो. ५ टक्के त्याच्या वरच्यांना. सगळ्या पावत्या घेऊन एकदा सीएला दाखवा आणि जादा गेलेले लेखी मागा. ही रक्कम लाखाच्या वर जाते, सोडू नका.

कुपवाडकर:
कायदा बरोबर आहे हो पण सांगलीत निम्म्या बिल्डिंगा अशाच भरल्यात, ओसी नसताना लोक राहतातच की. एवढं ताणलं तर उद्या सोसायटीची, पार्किंगची कामं त्याच माणसाकडून करून घ्यायची आहेत, संबंध बिघडतील.

विश्रामबागवाली:
संबंध बिघडायला भांडायचं कशाला? बाबांना बोलायलाच लावू नका. मुलानं एक मेल टाकायचा, ओसीची कॉपी पाठवा, आठ दिवसात पैसे भरतो. संपलं. ओळखीच्या माणसाला त्यात राग येण्यासारखं काय आहे.

हळदपेठ:
पाण्याचं मी सांगतो, आम्ही गावभागातले, २००५ चा पूर पण बघितलाय. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटाला गेलं की इशारा आणि ४५ ला धोका, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ फुटाच्या वर गेलं होतं. त्यामुळं नदी लांब आहे असं कुणी म्हणलं तर ऐकू नका, पाणी नदीकडून सरळ येत नाही, ओढ्या-नाल्यातनं उलटं चढतं. तुमच्या गल्लीतला जुना किराणावाला किंवा पिठाची गिरणीवाला गाठा, भिंतीवर पाणी कुठपर्यंत होतं ते हात लावून दाखवतो. शिवाय महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन तो गट किंवा सर्व्हे नंबर नदीच्या निळ्या पूररेषेत आहे, लाल पूररेषेत आहे का बाहेर ते नकाशावर बघा. तुमचा फ्लॅट वरच्या मजल्यावर असेल पण मीटरची खोली, पाण्याचा पंप, खालची टाकी, लिफ्टचा खड्डा हे सगळं पार्किंगमध्येच असतं, पार्किंगमध्ये पाणी आलं की वरचा माणूस पण लाईट नाही पाणी नाही असा अडकतो, आणि तुमच्याकडं म्हातारी माणसं आहेत. अजून सोसायटी झाली नाही तोवर सगळे मिळून बिल्डरला सांगा, मीटर बोर्ड पहिल्या मजल्याच्या लँडिंगला घ्या. नंतर हलवायचं म्हणजे वर्गणी काढत बसा.

मिरजेचा_सिव्हिलवाला:
वरच्यांशी सहमत. ताब्याच्या आधी एक इंजिनिअर घेऊन जा. आपल्याकडं काळी माती, पावसात फुगते उन्हाळ्यात आक्रसते, भराव नीट दाबला नसला की पार्किंगच्या फरश्या खाली बसतात, कंपाउंडला तडे जातात. बाथरूम, गच्चीखालचा मजला असेल तर स्लॅब, खिडकीखालची ओल एवढं तरी बघा, बाथरूममध्ये पाणी तुंबवून दुसऱ्या दिवशी खालच्या फ्लॅटचं छत बघायचं. जे निघेल ते मेलवर लिहून द्या. ताब्यापासून ५ वर्षात बांधकामाचा दोष निघाला तर बिल्डरनं ३० दिवसात फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो, पण ताबापत्रावर “सर्व काम समाधानकारक” असं छापलेलं असतं, त्यावर तसंच सही करू नका, राहिलेली कामं तिथंच हातानं लिहा.

तासगावकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. साठेखत काढून बघितलं, हप्त्यांच्या कलमात शेवटचे ५ टक्के ओसीनंतर असंच लिहिलंय. मेल टाकलाय, जीएसटीचं पण त्यातच विचारलंय. शनिवारी बाबा आणि मी गल्लीत चौकशी करून नगररचनाला... अरे शनिवारी ऑफिस बंद, मग सोमवारची रजा टाकतो. हळदपेठ काका, नकाशा बघायला अर्ज लागतो का नुसता गट नंबर सांगून चालतो?

हळदपेठ:
सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डची झेरॉक्स घेऊन जावा, बघायला देतील. पण तोंडी उत्तरावर येऊ नका, झोन दाखल्याचा अर्ज तिथंच करा म्हणजे कागद हातात राहील.