मदत हवी आहे: कंबरलंड-पिट्सबर्ग २४० किमी पायी, सोबत वारकरी बाबा

मंडळी, नमस्कार.

बाबा मे महिन्यात आमच्याकडे पिट्सबर्गला येताहेत, सहा महिने राहतील. वय ६७, बीपीची एक गोळी सोडली तर ठणठणीत. दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर चालतात. यंदा वारी चुकणार म्हणून जरा खट्टू होते, तेव्हा मी बोलता बोलता ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेजचा विषय काढला. पिट्सबर्ग ते मेरीलँडमधलं कंबरलंड, १५० मैल, म्हणजे २४० किलोमीटर. "म्हणजे आळंदी-पंढरपूरच की!" झालं. आता दर फोनला पहिला प्रश्न, त्या रुळांच्या रस्त्याचं काय ठरलं?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बंद पडलेल्या रेल्वेचे रूळ काढून त्या जागी चुनखडीची बारीक खडी दाबून हा रस्ता केलाय. चालणारे आणि सायकलवाले, मोटारींना मज्जाव. बराचसा भाग वेस्टर्न मेरीलँड रेल्वेच्या १९१२ सालच्या लाइनचा आहे, ती १९७५ मध्ये बंद पडली. ओहायोपाइलजवळचा पहिला तुकडा १९८६ मध्ये खुला झाला आणि थेट पिट्सबर्गच्या संगमापर्यंत सलग व्हायला २०१३ उजाडलं. आगगाडीला चढ सोसत नाही, म्हणून डोंगर असूनही रस्ता जवळजवळ सपाट. डोंगर आडवा आला तिथे बोगदा, दरी आली तिथे पूल.

तर चालण्याची काळजी नाही. काळजी आहे ती बाकी सगळ्याची. वारीत माणसाला चालणं एवढंच काम असतं. सामान दिंडीच्या ट्रकमध्ये, मुक्कामाला तंबू ठोकलेला, पंगत तयार, वाटेत गावोगाव चहा-केळी. इथे हे सगळं आपल्याच पाठीवर. बाबांनी खांद्यावर पताका घेतलीय, दहा किलोची सॅक कधी घेतलेली नाही.

दुसरी अडचण अशी की या रस्त्याची जी काही माहिती मिळते ती सायकलवाल्यांसाठी लिहिलेली. "पुढचं गाव १७ मैलांवर" असं सहज लिहून मोकळे होतात. सायकलला ते दीड-दोन तास, आमचा अख्खा दिवस. रॉकवूड ते कॉन्फ्लुअन्स १८ मैल, ओहायोपाइल ते कनेल्सव्हिल १७ मैल, आणि मधे दुकान नाही. कनेल्सव्हिल ते वेस्ट न्यूटन तर २५ मैल, म्हणजे ४० किलोमीटर. तो टप्पा एका दिवसात आम्हाला होणार नाही. मधे सीडर क्रीक पार्कमध्ये वाटसरूंसाठी तीन बाजूंनी बंद असे लाकडी निवारे आहेत एवढं कळलंय. तिथे कोणी राहिलंय का?

आणखी: कुठून कुठे चालावं? बाबांचा हट्ट आहे की आषाढी एकादशीला शेवटचा दिवस यावा, म्हणजे जुलै. मला सप्टेंबर बरा वाटतो. शिवाय जेवण. बाबा माळकरी. अंडंही नाही, कांदा-लसूण चालतो. आणि व्हिजिटर इन्शुरन्सचं काय करता? आधीपासूनचा बीपी असला की पॉलिसीवाले फाटे फोडतात.

मी स्वतः ओहायोपाइलच्या आसपास पुष्कळ चालले आहे, पण दिवसाचं. संध्याकाळी गाडीत बसून घरी. सलग मुक्काम करत कधी नाही.

प्रतिसाद: कंबरलंडहूनच निघा

पहाटेची अ‍ॅमट्रॅक (इथली प्रवासी रेल्वे) पिट्सबर्गहून सुटते, सकाळी कंबरलंडला सोडते. तिथून घराकडे चालत या. सुरुवातीचे २४ मैल चढ आहे, सगळा मिळून साधारण १७५० फूट. दिवेघाट चढणाऱ्या माणसाला तो चढ आहे हे सांगावं लागेल. त्यानंतर ईस्टर्न कॉन्टिनेंटल डिव्हाइड, म्हणजे नद्यांचं पाणी दोन दिशांना वाटणारी डोंगरधार, २३९२ फूट उंचीवर, आणि मग पिट्सबर्गपर्यंत १२६ मैल उतारच.

पहिला मुक्काम फ्रॉस्टबर्ग, १६ मैल. खरा चढ तिथे आहे. रस्ता गावाच्या खाली राहतो आणि दिवसभर चालून झाल्यावर वर गावात चढावं लागतं. तेवढा दम शिल्लक ठेवा.

पुढच्या दिवशी बिग सॅव्हेज बोगदा लागेल. ३३०० फूट लांब, आत दिवे आहेत, पण भर उन्हाळ्यातही आत शिरलं की अंगावर काटा येतो इतका गारठा. वरून पाणी ठिबकतं. वाऱ्याचं जाकीट सॅकच्या तळाशी भरू नका. (हिवाळ्यात त्याला दारं लावून बंद करतात, तुम्हाला तो प्रश्न नाही.) मायर्सडेलच्या पुढे सॉल्झबरी व्हायाडक्ट, १९०८ फूट लांबीचा पूल. बाबांना तिथे घाई करू नका, खाली कॅसलमन नदी, शेतं आणि मालगाडी एकदम दिसते.

एक महत्त्वाचं: अ‍ॅमट्रॅकमध्ये कॅम्पिंगच्या गॅसचा डबा नेता येत नाही. स्टोव्ह न्यायचा असेल तर गॅस कंबरलंडला उतरल्यावर घ्या.

प्रतिसाद: जुलैबद्दल

सावली भरपूर आहे, पण दमट हवेत कपडे वाळत नाहीत आणि दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो. पहाटे पाचला निघून बाराच्या आत मुक्काम गाठत असाल तर जुलैही जमेल. वारकऱ्यांना तशी सवय असते.

गोचिडांकडे मात्र कानाडोळा करू नका. पेनसिल्व्हेनियात गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम रोगाचे रुग्ण खूप असतात. हरणांवरच्या या गोचिडी खसखशीएवढ्याही असतात, चावलेलं कळत नाही. रोज संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या नाडीखाली बघायचं. धोतर किंवा लेंगा असेल तर मोज्यात खोचा, दिसायला कसंही दिसू दे. गवतात बसायचं नाही, बाकावर बसायचं.

प्रतिसाद: ताई, ट्रक तुमच्या घरातच आहे

घरचं कोणी गाडी घेऊन येऊ शकतं का? जवळजवळ प्रत्येक गावात वाटेपाशी गाडी लावायला जागा आहे. रोज नको, तीन-चार दिवसांतून एकदा आलं तरी खाणं आणि कोरडे कपडे पोचतात. नाही जमलं तर सायकलवाल्यांचं सामान एका मुक्कामावरून दुसऱ्यावर पोचवणाऱ्या शटल आहेत. पायी चालणाऱ्यांचंही नेतात, पण आधी फोन करून दिवस ठरवा. तुमचे दिवस त्यांच्या नेहमीच्या हिशोबात बसत नाहीत.

सीडर क्रीकला राहिलो आहे. निवारा स्वच्छ, पैसे पडत नाहीत, पण आधी येणाऱ्याला आधी. शनिवारी स्काउटची पोरं असतात. म्हणून तंबू जवळ हवाच. आणि नदीपलीकडे मालगाड्या रात्रभर धावतात, भोंगा वाजवत. कापसाचे बोळे न्या.

खाणं: सातूचं पीठ, मेतकूट, भाजलेले पोहे, शेंगदाण्याची चटणी, गूळ. कनेल्सव्हिलला मोठं किराणा दुकान आहे, मधल्या गावांत पिझ्झा मिळतोच. मायर्सडेलला मॅपल सिरप घ्या, ते गाव त्यासाठीच ओळखलं जातं. सातूत घालून खाल्लं तर बाबा गूळ विसरतील.

प्रतिसाद: जरा वेगळं मत

सगळ्यांचा उत्साह बघून बरं वाटलं, पण ६७ वर्षांच्या माणसाला थेट २४० किमीला काढू नका. वारीत पाय दुखला तर मागे ट्रक असतो, डॉक्टरांचं पथक असतं. ओहायोपाइल ते कनेल्सव्हिल या टप्प्यात मोबाइलची रेंजही धड नाही. आधी कॉन्फ्लुअन्स ते ओहायोपाइल, दहा मैल, सॅक घेऊन चाला. दुसऱ्या दिवशी उठून तेवढंच परत. मग ठरवा.

आणि सपाट रस्ता सोपा हा गैरसमज आहे. चढउतार असला की पायाचे वेगवेगळे स्नायू आलटून पालटून काम करतात. इथे दिवसभर एकच पाऊल, एकसारखं, दाबलेल्या खडीवर. टाच आणि पोटऱ्या बोलायला लागतात. पाऊस झाला की ती चुनखडी राखाडी लगदा होऊन बुटाला चिकटते.

इन्शुरन्समध्ये आधीचा आजार अचानक बळावला तर खर्च मिळेल का, तेवढी ओळ शोधून वाचा. बाकी जाहिरात असते.

धागाकर्ती:

सर्वांचे मनापासून आभार. बाबांना सगळं वाचून दाखवलं. त्यांचं म्हणणं, डॉक्टरांच्या पथकाकडे आजवर फक्त इतरांना घेऊन गेलोय. पण दोन दिवसांची चाचणी त्यांनाही पटली. कॉन्फ्लुअन्स-ओहायोपाइल जूनमध्ये करणार.

दिशा ठरली, कंबरलंडहून. नवरा शनिवार-रविवारी गाडी घेऊन येईल, त्याला ट्रक म्हटलेलं फारसं आवडलेलं नाही. ४० किलोमीटरचा टप्पा सीडर क्रीकला तोडून शेवटचे चार मैल दुसऱ्या दिवशी. महिन्याबद्दल अजून वाद चालू आहे.

आता बुटांचं सांगा. बाबा वारीत कॅनव्हासचे बूट घालतात आणि तेच आणतो म्हणतात. खडीवर ते चालतील, की इथे आल्यावर जाड तळाचे घेऊ?

प्रतिसाद: बूट इथेच घ्या

दुपारी चालून आल्यावर, पाय फुगलेला असताना दुकानात न्या, आणि अर्धा नंबर मोठा घ्या. जूनच्या चाचणीआधी निदान तीन आठवडे रोज वापरू द्या. कॅनव्हासचे संध्याकाळी मुक्कामाला घालायला सॅकला बांधा, वजन काही नसतं.