पगार वाढवला, तरी मिलमधल्या माणसांचं कामात मन का लागत नाही?

तापीकाठ: जळगाव एमआयडीसीतल्या डाळ मिलमध्ये सुपरवायझर आहे. दिवाळीला मालकांनी सगळ्यांचा पगार वाढवला. पंधरवडाभर बरं चाललं, मग पुन्हा तेच. सांगितलं तेवढंच काम, बाजाराच्या दिवशी हमखास दांड्या. आमचे जुने ऑपरेटर बाबा तुरीचा दाणा दाताखाली फोडून सांगायचे, 'अजून एक ऊन लागेल.' हल्ली विचारलं तरी 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणतात. चुरी, म्हणजे फुटलेली डाळ, वाढलीय. काय करावं?

अमळनेरचा: भाऊ, माल चक्कीवर कधी चढवायचा हे आता कोण ठरवतं?

तापीकाठ: ऑफिस. ओलावा मोजायचं मशीन आलं, तेव्हापासून आकडा बघून मॅनेजरच सांगतात.

अमळनेरचा: मग नुसत्या पगाराने हे सुटणार नाही. फ्रेडरिक हर्झबर्गने १९५९ मध्येच मांडलं होतं की पगार, सोयी कमी पडल्या की माणूस नाराज होतो, पण त्या पुऱ्या पडल्या म्हणून कामात रमत नाही. रमायला जबाबदारी लागते, कदर लागते. या विभागणीवर पुढे बरीच टीका झाली, पण माझी उमेदीची वर्षं जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, गेली आणि तिथे मी हेच बघितलं. डेसी आणि रायन हे मानसशास्त्रज्ञ माणसाच्या तीन गरजा सांगतात: आपल्या मर्जीने करता येणं, आपल्याला जमतंय ही जाणीव, आणि आपली माणसं. बाबांच्या पहिल्या दोन मशीनबरोबरच गेल्या.

मशीन ठेवाच. पण आकडा आला की बाबांना दाणा फोडू द्या, आणि जुळलं नाही तर माल थांबवायचा अधिकार त्यांना द्या. तोही मालकांनी सगळ्यांसमोर सांगून.

पॅकिंगताई: दादा, ओव्हरटाइम कमी झालाय का? आमच्याकडे कारण न सांगता कापला होता, तेव्हा बायका महिनाभर धुमसत होत्या. जेराल्ड ग्रीनबर्गचा १९९० चा अभ्यास आहे. अमेरिकेतल्या कारखान्यांत तात्पुरती १५ टक्के पगारकपात झाली. त्यानंतर चोऱ्या वाढल्या, पण जिथे कारण नीट, आपुलकीने समजावलं, तिथे त्या बऱ्याच कमी वाढल्या. पैसा दोन्हीकडे सारखाच कापलेला.

तापीकाठ: झालाय. नवी तूर येईपर्यंत माल कमी आहे. कोणाला सांगितलेलं नाही. सोमवारी मालकांशी बोलतो. सगळ्यांना एकत्र सांगावं का?

पॅकिंगताई: पाळीप्रमाणे सांगा, म्हणजे लोक प्रश्न विचारतील. हमालांनाही बोलवा, त्यांना नेहमी शेवटी कळतं.