पाटील, मोरे की चांदोरकर? मूळ आडनाव शोधायचं कसं

निफाडचा_नातू

राहायला नाशिकरोडला, वडिलोपार्जित जमीन निफाड तालुक्यात. घरातली जुनी कागदं एकत्र केली तर एकाच घराण्याची तीन आडनावं निघाली. आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'पाटील'. जुन्या फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीत, पणजोबा 'काशिनाथ राघोजी मोरे'. इंदूरला गेलेली चुलत शाखा पूर्वीपासून 'चांदोरकर' लावते. त्यात आजोबांची जन्मनोंद तहसीलमधून काढली, तर तिथं आडनावच नाही. मोडी वाचणाऱ्यानं 'कचरू वल्द राघू कुणबी यास मुलगा' एवढंच लावून दिलं.

यातलं मूळ आडनाव कोणतं धरायचं? चांदोरकर म्हणजे आम्ही चांदोरीचे, असं आजवर समजत आलो, ते बरोबर आहे का? भावकीतले एक काका 'मोरे म्हणजे मौर्य' असं छातीठोकपणे सांगतात. आणि मुख्य म्हणजे कचरू आणि काशिनाथ हे एकच, हे कशावरून ठरवायचं?

---

मोडी_वाचक

कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, आडनाव न सापडणं अगदी नेहमीचं आहे. गावात सगळे एकमेकांना ओळखत, त्यामुळे लिहिणाऱ्याला बापाचं नाव आणि जात पुरेशी वाटे. 'वल्द' किंवा 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' किंवा 'भ्रतार' आलं तर अमक्याची बायको. बाळाचं नावही बहुतेक नोंदींत नसतं, कारण बारशाच्या आधीच नोंद होई. म्हणून आजोबांचं नाव तिथं शोधत बसू नका. बापाचं नाव, गाव आणि जन्मतारीख जुळते का ते बघा.

कचरू-काशिनाथचं कोडं अवघड नाही. आधीची मुलं दगावली की पुढच्याला दृष्ट लागू नये म्हणून कचरू, दगडू, धोंडू, भिका अशी नावं ठेवत. शाळेत किंवा दस्तात हाच माणूस काशिनाथ होई. पण 'असं होत असे' हा पुरावा नव्हे. दोघे एकच आहेत हे चार गोष्टी जुळल्या तरच म्हणा: बापाचं नाव, गाव, जमिनीचा क्रमांक आणि वारस. राघू आणि राघोजी जुळलं, एक झालं. आता काशिनाथ वारल्यानंतरचा वारस नोंदीचा फेरफार काढा. त्यात वारस म्हणून तुमच्या आजोबांचं नाव असेल, तर साखळी पक्की होते. राघोजीच्या मृत्यूनंतरचा फेरफार मिळाला तर आणखी उत्तम, त्यात सगळे भाऊ एका ओळीत दिसतात आणि इंदूरची शाखा कुठून फुटली तेही कळतं.

फेरफार जुळवताना हमखास अडतं ते क्रमांकापाशी. जुन्या नोंदीत सर्व्हे नंबर असतो, आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर. जमिनीचे तुकडे एकत्र करण्याच्या एकत्रीकरण योजनेत हे बदलले. जुना-नवा क्रमांक दाखवणारा एकत्रीकरणाचा उतारा भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयातून घ्या, नाहीतर दुसऱ्याच मोऱ्यांची जमीन आपली म्हणून शोधत बसाल. नाशिक जिल्ह्याचे बरेच जुने उतारे 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन केलेले आहेत. चकरा मारण्याआधी तिथं तालुका, गाव आणि क्रमांक टाकून बघा.

मोडीबद्दल एक. नुसतं लिप्यंतर घेऊन येऊ नका, मूळ पानाची नक्कल घ्या. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळे दाखवत नाहीत, अनुस्वार सर्रास गाळतात आणि शब्द तोडून लिहीत नाहीत. 'शिंदे' पानावर 'शिदे' दिसतं, आणि बापाच्या नावाचं शेवटचं अक्षर पुढच्या शब्दाला चिकटून भलतंच आडनाव तयार होतं. महत्त्वाची नोंद दोन जाणकारांकडून, एकमेकांना न सांगता, वाचून घ्यावी.

---

रंगमहालाच्या_सावलीत

चांदोरी हे गृहीतक मी आधी बाजूला ठेवीन. चांदवडचं जुनं नाव चांदोर. १८८३ च्या नाशिक गॅझेटियरमध्येही तालुक्याचं नाव चांदोर असंच आहे, आणि तिथल्या टांकसाळीतल्या रुपयाला 'चांदोरी रुपया' म्हणत. म्हणजे नाव ऐकून गोदाकाठची चांदोरी आठवत असली तरी मूळ चांदवड असू शकतं. तुमची चुलत शाखा इंदूरला आहे, हे तर जास्तच बोलकं. चांदवड होळकरांकडे होतं, तिथला रंगमहाल हा वाडा त्यांचाच. तिथून चाकरीनिमित्त इंदूरला गेलेल्या घराला तिकडे 'चांदोरकर' म्हणणं अगदी स्वाभाविक. हा अंदाज आहे, पण तपासता येतो: निफाडमधली जमीन घराण्याकडे कधी आणि कोणाकडून आली ते सर्वांत जुन्या फेरफारात बघा. खरेदीची असेल तर घराणं बाहेरून आलेलं असण्याची शक्यता वाढते.

दुसरं म्हणजे 'कर' लागतं ते गाव सोडल्यावर. चांदवडात राहणाऱ्याला कोण चांदवडकर म्हणणार? म्हणून राहिलेली शाखा मोरे आणि गेलेली शाखा चांदोरकर, यात विसंगती काहीच नाही. शिवाय 'कर'मधलं गाव जन्माचंच असतं असंही नाही. विंचूरकर सरदारांचं मूळ आडनाव दाणी. विठ्ठल शिवदेवांकडे विंचूर जहागिरीत आलं म्हणून ते विंचूरकर. उलट कुसुमाग्रजांच्या शिरवाडकर या आडनावातलं शिरवाडे हे निफाड तालुक्यातलं मूळ गाव. आणि पिंपळगावकर भेटला तर विचारायचंच, कुठलं? बसवंत, बहुला की खांब? जिल्ह्यातच इतकी आहेत.

---

देवक_पंचपालवी

पाटील हे आडनाव नव्हेच, ते वतन. पाटील गावाचा मुखिया, कुलकर्णी हिशेबनीस, देशमुख-देशपांडे परगण्याचे. चिटणीस, फडणीस, सबनीस, पोतनीस यांतला 'नीस' फारसी 'नवीस'वरून आला, म्हणजे लिहिणारा. वतन असलेल्या घरातल्या सगळ्या भावांची मुलं शाळेत 'पाटील' म्हणून घातली गेली आणि पदवी आडनाव होऊन बसली. मुलकी पाटलांचं पद १९६२ च्या कायद्यानं गेलं, आडनाव राहिलं. तेव्हा तुमच्या दाखल्यावरचं पाटील इतकंच सांगतं की घरात कधीतरी पाटीलकी होती, किंवा गुरुजींना तसं सांगितलं गेलं. एका गावातले पाटील एकाच कुळाचे असतील असंही नाही, पाटीलकीचे हिस्से विकले जात.

आता काकांचे मौर्य. उच्चाराच्या अंगानं मौर्यचं मोरे होऊ शकतं, जसं यादवचं जाधव झालं; शब्दाच्या सुरुवातीच्या 'य'चा 'ज' होणं आपल्याकडे जुनंच, यात्रेची जत्रा होते तसं. कोकणात मौर्य नावाचं घराणं होतं हेही खरं, इ.स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात त्यांचा उल्लेख आहे. पण त्या शिलालेखापासून तुमच्या राघोजीपर्यंत हजार-बाराशे वर्षांत एकही जोडणारं नाव नसताना वंश सांगणं म्हणजे हवेत इमला. नावाचं मूळ वेगळं, घराण्याचं मूळ वेगळं. मोरे मराठ्यांत आहेत, कुणब्यांत आहेत, महारांत आहेत. पवार, गायकवाड तर सुरगाणा-पेठच्या कोकणा समाजातही भरपूर. आडनावावरून जात ठरवणाऱ्याची नाशिक जिल्ह्यात पदोपदी फजिती होते.

त्यापेक्षा देवक, म्हणजे कुळाचं पवित्र चिन्ह, विचारा. लग्नात देवक कशाचं बसवतात? मोऱ्यांचं परंपरेनं मोराचं पीस, कदमांचं कळंब. इंदूरच्या शाखेलाही हाच प्रश्न विचारा, कुलदैवतही विचारा. दोन्हीकडे देवक आणि कुलदैवत तेच निघालं तर एकाच भावकीतले असण्याच्या बाजूनं एक चांगला आधार मिळतो. कागदाची जागा तो घेत नाही.

---

रामकुंडावरून

सगळ्यांनी कचेऱ्या सांगितल्या, पंचवटी राहिली. इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत येणाऱ्या घराण्यांच्या नामावळी असतात. अस्थी, श्राद्ध किंवा सिंहस्थासाठी आलेला माणूस स्वतःचं, भावांचं, मुलांचं, बाप-आजाचं नाव सांगे आणि ते लिहिलं जाई. गावं उपाध्यायांमध्ये वाटलेली आहेत, म्हणून घाटावर जाऊन आधी आडनाव सांगू नका. तालुका, गाव आणि जात सांगून 'आमच्या गावचे उपाध्ये कोण' एवढंच विचारा.

तुम्ही दोन गावांनी विचारा: निफाडमधलं सध्याचं गाव आणि चांदवड. चांदवडच्या वहीत 'मोरे, हल्ली मुक्काम इंदूर' अशा धर्तीचं काही निघालं, तर वरचा वाद तिथंच मिटला. २०१५, २००३ आणि त्याआधीच्या सिंहस्थांची पानं आधी पाहायला सांगा, त्या वर्षी गर्दी असल्यानं नोंद असण्याची शक्यता जास्त. त्र्यंबकेश्वरला घराणं विधीसाठी जात असेल तर तिथंही वेगळी वही मिळेल. वाचायला वेळ लागतो, दक्षिणा द्या, आणि फोटो काढण्याआधी परवानगी घ्या. आपल्या घरची नवी पिढी लिहून आलात तर पुढच्याला सोपं.

बायकांची नावं शोधताना सावध. लग्नात नाव बदलत, त्यामुळे पणजी सासरी लक्ष्मी आणि माहेरी गोदा असू शकते. माहेर शोधायचं तर तिच्या बापाच्या नि गावाच्या नावानं विचारा.

---

निफाडचा_नातू

चांदोर म्हणजे चांदवड, हे डोक्यातच आलं नव्हतं. सर्वांत जुना फेरफार आणि वारस नोंद या आठवड्यात मागतो. अजून एक: बहिणीचं म्हणणं, आता सगळ्यांनी 'मोरे'च लावू. काही अडचण?

---

मोडी_वाचक

आधी साखळी पूर्ण करा, मग बदल. पाटील नावानं निघालेले दाखले, पदव्या, पॅन आणि सातबारा राजपत्रातल्या बदलानं आपोआप दुरुस्त होत नाहीत. प्रत्येक ठिकाणी राजपत्राची प्रत लावून वेगळा अर्ज करावा लागतो, आणि घरातल्या अर्ध्यांनी बदललं, अर्ध्यांनी नाही, तर पुढे वारस नोंदीला दोन आडनावांचं प्रतिज्ञापत्र मागतात. जातीच्या दाखल्यासाठी नुसत्या आडनावाचा उपयोग नाही, तिथं वंशावळ आणि जुन्या नोंदीतला जातीचा रकाना बघतात. इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा धरतात. तुमच्या आजोबांच्या जन्मनोंदीत 'कुणबी' आहे, तेव्हा तिची प्रमाणित नक्कल दोन प्रतींत घेऊन ठेवा.

बहिणीच्या घरी १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेलं बाळ असेल तर सरकारी कागदांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि मग आडनाव असा क्रम येतो. त्यात 'मोरे' की 'पाटील' हा प्रश्न तुमच्या घराचा नाही, तिच्या सासरच्या आडनावाचा आहे.