उघडिपीनंतर पाऊस झाला आणि उभ्या कपाशीने माना टाकल्या: मूळकूज की आकस्मिक मर? तातडीने मदत हवी आहे (चोपडा तालुका)

तापीकाठ

नमस्कार मंडळी. घाई आहे, म्हणून दिसतंय तेवढं सगळं एकदाच लिहितो.

ठिकाण चोपडा तालुका, तापीपासून दीड-दोन किलोमीटर. जमीन भारी काळी, उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडणारी. बीटी कपाशी, २५ मेची पूर्वहंगामी लागवड, अंतर ४ × १.५ फूट, ठिबकवर. आज ११२ वा दिवस. झाडाला ३५-४० कैऱ्या (हिरवी बोंडं) आहेत, खालच्या पक्क्या, शेंड्याकडच्या कोवळ्या.

पावसाने २३ दिवस उघडीप दिली. पाऊस यायच्या आदल्या दिवशी ठिबक पाच तास चाललं. मग लागोपाठ दोन रात्री जोरदार पाऊस झाला आणि काल सकाळपासून कडक ऊन. काल दुपारी तीनच्या सुमाराला वावराच्या खालच्या अंगाची झाडं कोमेजली. पानं हिरवीगार आहेत, पण देठासकट खाली लोंबताहेत. आज सकाळी पाहिलं तर ९-१० गुंठ्यांत पसरलंय. वरच्या अंगाला काहीच नाही. दुकानदार मूळकूज म्हणतो आणि एक महागडं बुरशीनाशक पूर्ण दोन एकराला सोडायला सांगतो.

हे नेमकं काय आहे? झाडं वाचतील का? आणि आधी काय करू?

काळीमाती

तापीकाठ भाऊ, औषध आणायच्या आधी अर्धा तास वावरात द्या. मान टाकलेली दोन झाडं आणि शेजारचं एक चांगलं झाड, तिन्ही उपटा.

मूळकुजीचं झाड हाताने सहज निघून येतं. सोटमुळाची साल चिकट, कुजलेली असते आणि बोटाने ओढली की धाग्यांसारखी सुटते. असं असेल तर दुकानदाराचं म्हणणं बरोबर.

साल घट्ट असेल तर खोड जमिनीपासून वीतभर उंचीवर विळ्याने उभं चिरा. आतल्या लाकडात तपकिरी-काळपट रेघा दिसल्या तर तो बुरशीचा मर रोग. तो एका दुपारी दहा गुंठे झोपवत नाही. आधी पानं कडेने पिवळी पडतात, मग झाड हळूहळू वाळतं.

खोड आतून स्वच्छ पांढरं, सोटमूळ शाबूत, पण बारीक केशमुळं तुटकी आणि मातीला साचल्या गटारासारखा वास आला तर ती आकस्मिक मर. हा रोग नाही, झाडाच्या शरीरक्रियेचा बिघाड आहे. तुमच्या वर्णनावरून माझा कौल यालाच. तरी झाड चिरून बघा आणि इथे लिहा.

आणि आत्ता, हे वाचता वाचता, ठिबकचा व्हॉल्व्ह बंद आहे ना ते पाहून घ्या. झाड सुकलेलं दिसतंय म्हणून पाणी देणं ही यातली सगळ्यात महाग चूक आहे.

तापीकाठ

उपटलं. झाड निघता निघेना, दोघांनी ओढलं. साल घट्ट. खोड आतून पांढरंच. केशमुळं चांगल्या झाडाच्या मानाने निम्मीही नाहीत, आणि वास तुम्ही म्हणता तसाच. एक गोष्ट खटकली: ज्या झाडाला कैऱ्या जास्त तेच आधी पडलंय. फूटभरावरचं फुसकं झाड ताठ उभं आहे. असं का?

वाफसा

मग आकस्मिक मरच. कैऱ्यांबद्दल तुम्ही जे टिपलंय त्यातच अर्धं उत्तर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कारण कळलं की पुढचा उपाय चुकत नाही.

उघडिपीत झाडाने स्वतःला ताणासाठी बदललेलं असतं. मुळं-पानं ॲबसिसिक आम्ल बनवतात, त्याने पानांवरची रंध्रं मिटतात आणि पाणी वाचतं. परवडत नाहीत ती पाती (फुलकळ्या) झाड गाळून टाकतं. त्याच वेळी काळी माती आकसून भेगाळते आणि त्या ओढाताणीत वरच्या थरातली केशमुळं तुटतात. वर पानांचा पसारा आणि कैऱ्यांचा भार तेवढाच, खाली पाणी ओढणारी मुळं कमी. झाड या टप्प्यावर कसंबसं तोल सांभाळून असतं.

त्यात एकदम पाणी आलं. काळी माती फुगते, पोकळ्या बुजतात आणि उरलेल्या पोकळ्यांत पाणी भरतं. हवेत प्राणवायू जेवढा सहज पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजार पटीने हळू तो पाण्यातून पसरतो. मुळं आणि मातीतले जीवाणू मिळून उरलासुरला प्राणवायू उष्ण जमिनीत एक-दोन दिवसांत संपवतात. प्राणवायू संपला की मुळांच्या पेशी आतून आम्लधर्मी होतात आणि पेशीपटलावरची पाणी आत घेणारी सूक्ष्म दारं मिटतात. म्हणून चिखलात उभ्या झाडाला पाणी मिळत नाही.

ढगाळ राहिलं असतं तर कदाचित निभावलं असतं. तुमच्याकडे लगेच कडक ऊन पडलं. पानांतून पाणी उडू लागलं आणि खालून पुरवठा बंद, म्हणून दुपारी तीनला माना पडल्या. कैऱ्या जास्त असलेल्या झाडात पानांत तयार होणारी बहुतेक साखर कैऱ्या ओढून घेतात, मुळांच्या वाट्याला थोडी येते. अशी उपाशी मुळं प्राणवायूशिवाय आधी हार मानतात. फुसक्या झाडावर हा भार नाही, म्हणून ते उभं.

आता इथिलीनची गोष्ट (झाडातच तयार होणारा, पानं-फळं पिकवणारा-गाळणारा वायू), कारण औषध तिथेच लागू पडतं. गुदमरलेल्या मुळांत इथिलीनच्या अलीकडचा एक पदार्थ साचतो आणि पाण्याबरोबर वर पानांत जातो. त्याचं इथिलीन व्हायला प्राणवायू लागतो, तो पानांत भरपूर असतो. त्या इथिलीनने देठ खाली वाकतात आणि पुढे पानगळ, पातेगळ होते. कोबाल्ट क्लोराईड ही शेवटची पायरी अडवतं. मात्र पेशी वाळण्याआधी दिलं तरच. म्हणून माना पडल्यापासून २४ ते ४८ तासांचं बंधन सांगतात.

मक्याच्या मुळांत पाणी साचल्यावर हवेच्या पोकळ्या तयार होतात, भाताच्या मुळांत तर त्या आधीपासूनच असतात. कपाशीला ही सोय फारशी नाही. शहाद्याकडची पपई तर याहून नाजूक, दोन दिवस पाणी साचलं की बाग गेली.

काळीमाती

वाफसा यांनी कारण सांगितलंच आहे, मी कामाचं लिहितो. क्रम महत्त्वाचा: आधी मुळाला हवा, मग औषध. पाणी न काढता आळवणी (झाडाच्या मुळाशी औषध ओतणं) केली तर पैसे चिखलात.

खालच्या बांधाला दोन-तीन ठिकाणी तोंडं फोडा. कपाशी दाटली आहे, कोळपं किंवा बैल आत जाणार नाही, तेव्हा फावड्याने दर सहा-आठ ओळींनंतर उताराच्या दिशेने फूटभर खोल चर काढा आणि बांधाच्या तोंडाला जोडा. चर ओळीच्या मधोमध घ्या, झाडाला चिकटून नको, नाहीतर उरलेली मुळंही तुटतील. ओल्या रानात माणसं कमी फिरवा.

आळवणीसाठी परभणीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस अशी आहे: २०० लिटर पाण्यात १ किलो १३:००:४५ (पोटॅशियम नायट्रेट खत), २ ग्रॅम कोबाल्ट क्लोराईड आणि २५० ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड (बुरशीनाशक). कोबाल्ट मिळालं नाही तर १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया, १०० ग्रॅम ००:००:५० (पांढरं पोटॅश खत) आणि २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड. झाडाला १०० मिली.

तुमचा हिशोब: ४ × १.५ म्हणजे झाडाला ६ चौरस फूट. गुंठ्याला १८१ झाडं, १० गुंठ्यांना सुमारे १,८००. १०० मिलीप्रमाणे १८० लिटर, म्हणजे एक ड्रम. पूर्ण दोन एकराला काही सोडायची गरज नाही. पडलेला भाग आणि त्याच्या भोवतीच्या दोन-तीन ओळी, बस.

तापीकाठ

ड्रम भरून व्हेंचुरीने (ठिबकच्या पाण्यात औषध ओढून घेणारी जोडणी) ठिबकमधून सोडलं तर मजूर वाचतील. चालेल का? आणि २ ग्रॅम मोजायचं कसं, काटा किराणा दुकानाचा आहे.

काळीमाती

ठिबकमधून अजिबात नको. एक तर ज्या मुळांना पाणी नकोय त्यांनाच आणखी पाणी जाईल. दुसरं, कॉपर ऑक्सिक्लोराईड पाण्यात विरघळत नाही, नुसतं तरंगतं आणि खाली बसतं. ड्रिपर चोंदतील आणि तो खर्च वेगळा.

पाठीवरचा पंप घ्या, नोझल काढा. पेल्यात धार धरून १०० मिली भरायला किती सेकंद लागतात ते एकदा मोजा आणि मजुराला तेवढे आकडे म्हणायला सांगा. धार खोडावर नको, खोडापासून चार-पाच इंचांवर गोल फिरवा.

कोबाल्ट क्लोराईड प्रयोगशाळेची रसायनं विकणाऱ्या दुकानात मिळतं, लालसर-जांभळे खडे असतात. २ ग्रॅम मोजायच्या भानगडीत पडू नका. दुकानातूनच १० ग्रॅम वजन करून घ्या आणि १ लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवा. या द्रावणाच्या १ मिलीत १० मिलिग्रॅम आलं. आता १ लिटर पाण्याला १ मिली, १५ लिटरच्या पंपाला १५ मिली, २०० लिटरच्या ड्रमला २०० मिली. औषधाच्या टोपणाने मोजता येतं. अंदाजाने वाढवू नका, जास्त कोबाल्ट झाडाला विषारी आहे. हातमोजे घाला, घरातलं भांडं वापरू नका, उरलेल्या बाटलीवर नाव लिहून कुलपात ठेवा.

ड्रममध्ये अर्धं पाणी, त्यात १३:००:४५ विरघळवा. कॉपर बादलीत आधी पेजेसारखं कालवून मग ओता, कोबाल्ट शेवटी, आणि पाणी पूर्ण करा. दर पंपाला काठीने ढवळा, नाहीतर पहिल्या झाडांना पाणी आणि शेवटच्यांना नुसतं कॉपर जाईल.

याच कोबाल्टची १० पीपीएमची (लिटरला १० मिलिग्रॅम) फवारणीही सांगतात. आळवणी केली तर वेगळी फवारणी नको. दोन्हींतलं एक पुरतं.

सातपुडापायथा

मी ट्रायकोडर्मा सुचवणार होतो. शेणखतात मिसळून टाकलं तर?

वाफसा

दादा, ट्रायकोडर्मा चांगलंच, पण आज नाही. ती स्वतः बुरशी आहे, कॉपरबरोबर दिली तर मरेल. शिवाय तिलाही हवा लागते, चिखलात ती काय करणार? आळवणीनंतर आठ-दहा दिवस जाऊ द्या, वाफसा येऊ द्या, मग टाका. कमजोर मुळांवर मागाहून मूळकूज बसते, तिला रोखायला तेव्हा उपयोग होईल.

वाफशाची परीक्षा: वीतभर खोलीची माती मुठीत दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटून विखुरला तर वाफसा आला. थापटीसारखा चिकटला तर अजून थांबा. वाफसा आला की खोडाजवळची माती पायाने हलकी दाबून घ्या, झाडं हलून तिथे पोकळी झालेली असते. तोवर ठिबक बंदच.

आणि हिरवं दिसावं म्हणून टॉनिक, वाढ-संप्रेरकं, तणनाशक यातलं काहीही या आठवड्यात नको. मूळ बंद असताना पानांना वाढायला सांगण्यात अर्थ नाही.

तापीकाठ (तिसऱ्या दिवशी)

चर काढून त्याच संध्याकाळी आळवणी केली, ड्रम बरोबर पुरला. आज सकाळी सहाला पाहिलं: कडेच्या झाडांची पानं सरळ झालीत, दुपारी थोडी लोंबतात. मधल्या दोन-अडीच गुंठ्यांत फरक नाही, पानं आता कडेने वाळताहेत. ती झाडं उपटू का?

वाफसा

सकाळी पानं ताठ होताहेत म्हणजे मुळं रात्रीत पाणी वर चढवताहेत. ती झाडं बहुतेक वाचतील. काही पानं, पाती आणि कोवळ्या कैऱ्या तरीही गळतील, त्याने घाबरू नका, झाड भार कमी करतंय. आठ दिवसांनी १३:००:४५ दहा लिटरला १०० ग्रॅम घेऊन एक फवारणी द्या.

मधल्या झाडांचं खोड नखाने खरवडून बघा. साल खालून हिरवी आणि ओलसर असेल तर पानं गळूनही पंधरवड्यात नवी फूट येईल. तपकिरी, कोरडी असेल तर ते गेलं.

काळीमाती

गेलेली झाडंही लगेच उपटू नका. त्यांच्यावरच्या पक्क्या कैऱ्या वेळेआधी उकलतील. तो कापूस वेगळा वेचा आणि वेगळ्या गाठोड्यात ठेवा. धागा कच्चा आणि बोंड अर्धवट उकललेलं असतं, कवडीच म्हणा. चांगल्या कापसात मिसळला तर सगळ्या मालाचा भाव पडतो.

पुढच्या हंगामासाठी दोनच गोष्टी. खालच्या त्या अंगाला सपाट लागवड बंद करा, गादीवाफ्यावर घ्या आणि बांधाच्या कडेचा चर मे महिन्यातच काढून ठेवा. आणि उघडिपीत ठिबक रोज किंवा एक दिवसाआड थोडा वेळ चालवा, म्हणजे माती भेगाळत नाही आणि केशमुळं शाबूत राहतात. बावीस दिवस ताण देऊन एकदम पाच तास पाणी, आणि त्यावर पाऊस, यातच तुमची मुळं सापडली. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा होता, असे लांब खंड पुन्हा पडणार हे धरूनच नियोजन हवं. कुणाकडे ठिबकऐवजी मोकळं (पाटाचं) पाणी असेल तर त्यांनी अशा वेळी एक आड एक सरी भिजवावी, म्हणजे अर्ध्या मुळांना हवा राहते.

तापीकाठ

मधल्या अडीच गुंठ्यांत नखाने खरवडून पाहिलं. साठ झाडांपैकी एकवीस हिरवी निघाली. त्यांना चिंध्या बांधून खूण केली आहे, पंधरा दिवसांनी फूट मोजून इथेच लिहीन.