गोळ्या-चॉकलेटऐवजी घरची फळांची गारेगार : तुमचे अनुभव लिहा

मुलांच्या हातातली जेली, गोळी नाहीतर रंगीत पेप्सी सोडवायची, तर त्या जागी फ्रीजरमधून काय काढून द्यायचं, एवढाच धाग्याचा विषय. फळ कोणतं, प्रमाण किती, वेळ किती आणि कुठे फसतं ते लिहा. ‘एकदम यम्मी झालं’ एवढ्यावर कुणाचं काम भागत नाही. सगळ्यांत कमी खटपटीच्या फळापासून सुरुवात करते.

द्राक्षं
बिनबियांची, पिवळसर झाक आलेली घ्या. आंबट-हिरवी नकोत, कारण गार खाताना जिभेला गोडी कमी कळते आणि आंबटपणाच वर येतो. देठं काढून १० मिनिटं मिठाच्या पाण्यात, नंतर दोनदा साध्या पाण्यात धुऊन पंचावर अगदी कोरडी करा. ओल राहिली की सगळ्यांचा मिळून एकच गठ्ठा होतो. ताटात एकेरी थर लावून ४ तास, मग डब्यात. फ्रीजरमधून काढल्याबरोबर खायची. वितळू दिली तर लिबलिबीत होतात.
पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खं द्राक्ष देऊ नका, घशात बरोब्बर अडकेल असाच त्याचा आकार आहे. त्यांच्यासाठी उभे चार काप करूनच गोठवा. नंतर कापायला गेलात तर सुरी घसरते.

केळं
सालावर काळे ठिपके आलेलं, पण आत पाणी न सुटलेलं केळं हवं. सालासकट गोठवू नका, साल काळं पडून गराला चिकटतं आणि तासत बसावं लागतं. १ सेंटीमीटरच्या चकत्या, त्यांना लिंबाचे चार थेंब (नाहीतर काळ्या पडतात), ताटात ५-६ तास.
आइसक्रीमसाठी दोन केळ्यांना २ चमचे दूध पुरे. मिक्सरचं लहान भांडं घ्या, मोठ्यात चकत्या पात्यावर नुसत्या नाचतात. ५ मिनिटं बाहेर ठेवून मग थांबत थांबत फिरवा. आधी रव्यासारखा भुगा होतो, मग ओलसर गोळे बनून भांड्याला चिकटतात. नेमके इथेच लोक घाबरून दूध ओततात आणि आइसक्रीमचं मिल्कशेक होतं. झाकण काढा, कडेचं खाली ओढा, आणखी दोन-तीन झटके द्या. सगळं एकदम मऊ होऊन पात्याभोवती घड्या पडायला लागतात. चमचाभर कोको किंवा शेंगदाण्याचं कूट छान लागतं. हे तिथल्या तिथे संपवायचं, परत गोठवलं तर चमचा शिरत नाही.

कलिंगड, आणि कांडी दगड का होते
केळ्यात साधारण पाऊण भाग पाणी, कलिंगडात ९० टक्क्यांहून जास्त. सगळा फरक इथे आहे. पाणी गोठताना निव्वळ पाण्याचे स्फटिक बनतात, साखर आणि रंग बाजूला ढकलले जातात. म्हणून नुसत्या रसाची कांडी चार वेळा चोखली की रस तोंडात येतो आणि काडीला पांढरा बर्फ उरतो. गाडीवरच्या गारेगारचंही हेच होतं. गोठायला जितका वेळ लागेल तितके स्फटिक मोठे, म्हणून साचे लहान घ्या आणि फ्रीजरच्या तळाला टेकवून ठेवा.
माझं प्रमाण : बिया काढलेल्या कलिंगडाच्या फोडी २ कप, अर्धं पिकलेलं केळं, लिंबाचा रस १ चमचा, चिमूटभर काळं मीठ. फिरवा, पण गाळू नका, तंतूंमुळेच कांडी मऊ राहते. १ चमचा सब्जा पाव कप पाण्यात १५ मिनिटं भिजवून शेवटी मिसळा. मीठ चिमटीच्या वर गेलं तर कांडी नीट जमतच नाही.

आंबा
दीड कप हापूसचा रस, अर्धा कप चक्का किंवा दाट नारळाचं दूध, चवीपुरतं लिंबू. ८० मिलीचे सहा साचे होतात. चक्का घेतलात तर पाणी पूर्ण निथळलेलं हवं, नाहीतर कांडीला थर पडतात. रायवळ असेल तर रस चाळणीतून काढा, धागे दातात अडकतात. मिश्रण चाखून बघताना किंचित जास्त गोड वाटलं पाहिजे, म्हणजे गोठल्यावर बेताचं लागतं. फळ पुरेसं पिकलेलं असेल तर साखर लागतच नाही.

आंबा, पण परदेशात
इंडियन स्टोअरमधला पल्पचा डबा घेत असाल तर आधी त्यावरचे घटक वाचा. बहुतेकांत साखर आधीच घातलेली असते. त्यात चक्का आंबटसर घ्या आणि पाव भाग जास्त घाला. वरून मध ओतण्याची गरज नाही.

मधावरून
मध, गूळ, खजुराचं सिरप ही शेवटी साखरच, ‘नैसर्गिक’ म्हणून हात सैल सोडू नका. जागतिक आरोग्य संघटना मध आणि फळांचा रससुद्धा मुक्त साखरेत धरते, आणि ही साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत, शक्यतो ५ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगते. अख्ख्या फळातली साखर त्यात मोजत नाहीत. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही. कोकमाची कांडी मला कितीही आवडत असली तरी तिला साखर ओतावीच लागते, तेव्हा ती या धाग्यात बसत नाही.

सीताफळ
गर पुरणाच्या चाळणीवर घेऊन वाटीच्या बुडाने हलकेच घासा. बियांसकट मिक्सरला लावायचं नाही. बी फुटली तर कडू आणि विषारीही असते. गर तापवूही नका, उष्णतेने कडवट होतो. दूध घालायचं तर आधी उकळून, पूर्ण गार करून. १ कप गराला अर्धा कप दूध, साखर शून्य.

अननस
कच्चा अननस दुधा-दह्यात घालून गोठवला की कडू होतो. त्यातलं विकर (एन्झाइम) दुधातली प्रथिनं तोडतं, आणि गोठवल्याने ते मरत नाही. फोडी ५ मिनिटं उकळून, गार करून मग मिसळा. किवीलाही हेच लागू.

काडी आणि साचा
साचा अर्धा सेंटीमीटर रिकामा ठेवा, पाणी गोठताना फुगतं. काडी सुरुवातीलाच खोचली तर तिरपी होते. ४५ मिनिटांनी, मिश्रण किंचित घट्ट झाल्यावर खोचा. साचा नसेल तर स्टीलची छोटी वाटीही चालते. काढताना नळाच्या पाण्यात १०-१५ सेकंद धरा. गरम पाण्यात बुडवलात तर बाहेरचा थर वितळतो आणि काडी एकटीच हातात येते.

साठवण
कांड्या निघाल्या की घट्ट झाकणाच्या डब्यात, मासे आणि आलं-लसूण पेस्टपासून लांब. केळ्याच्या कांडीला लसणाचा वास फार पटकन लागतो. दोन-तीन आठवड्यांत संपवा. वीज जाऊन वितळलेली कांडी परत गोठवली तर खरखरीत होते. दूध-दह्याची असेल तर गोठवूच नका. फळांची आणि अजून गार असेल, तर सरळ पेल्यात ओतून पिऊन टाका.

डाळिंब
कुणीच लिहिलं नाही म्हणून. दाणे सोला, पुसा, ताटात पसरून ३ तास. वाटीभर दाण्यांवर चिमूटभर जिरेपूड. बाकी काही नाही.