निर्बंध सहा महिन्यांचे, मुदतवाढ वर्षानुवर्षं: कायद्यातच मर्यादा हवी का?

सदाशिवपेठी: बँक गोत्यात आली की सरकार बँकिंग कायद्याच्या कलम 45 खाली मोरॅटोरियम, म्हणजे पैसे देणं-घेणं तात्पुरतं थांबवणारी स्थगिती, लावू शकतं. तो सगळा मिळून सहा महिन्यांपलीकडे जाऊ शकत नाही, तसं कलमातच आहे. पण त्याच कायद्यातल्या 35अ खाली रिझर्व्ह बँक पैसे काढण्यावर वगैरे निर्बंध घालते, त्यांना अशी कमाल मुदतच नाही. शटरवर चिकटवलेल्या कागदावर ‘सहा महिने’ असतं, मग मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ. पुण्याच्या रुपी बँकेवर फेब्रुवारी 2013 मध्ये निर्बंध आले, परवाना रद्द झाला 2022 मध्ये. पेन्शनवाल्यांनी तोवर खायचं काय? एक वर्ष द्या, फार तर एकदा वाढवा. पुढे विलीनीकरण नाहीतर अवसायन, म्हणजे बँक बंद करून मालमत्ता विकून देणी भागवणं.

जुना_कॅशियर: साहेब, तारीख ठरवली म्हणून वसुली होते का? दावे कोर्टात, तारण मालमत्तेला गिऱ्हाईक नाही. मुदत संपली की टाळंच लागणार, आणि विमा पाच लाखांपर्यंतच, त्यावरची ठेव असलेले अवसायकाच्या दारात बसणार.

मिनू_डोंबिवली: काका, थांबून तरी काय मिळालं? पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी) बँकेत सप्टेंबर 2019 मध्ये आधी सहा महिन्यांत मिळून 1,000 रुपये काढायची मुभा. हजार! ओरड झाल्यावर मर्यादा वाढत वाढत जून 2020 मध्ये लाखावर आली. विलीनीकरण जानेवारी 2022 मध्ये, आणि मोठ्या ठेवींच्या उरलेल्या पैशांसाठी पुढची दहा वर्षं. उलट खासगी येस बँकेचा मोरॅटोरियम 5 मार्च 2020 ला लागला आणि 18 तारखेला उठलासुद्धा.

जुना_कॅशियर: तिथे स्टेट बँकेने पैसे ओतले, म्हणून उठला. सहकारी बँकेसाठी तसं कोण धावून येतं? पीएमसीला घ्यायलाही किती काळ कुणी पुढे येईना.

सदाशिवपेठी: मग ठेव विमा कायद्यातली 2021 ची दुरुस्ती बघा. निर्बंध आल्यावर ठेव विमा महामंडळाने 90 दिवसांत पाच लाखांपर्यंत पैसे द्यायचे. आधी बँक बुडीत निघेपर्यंत विमा कागदावरच राहायचा. मुदत घातली तेव्हाच हललं ना?

जुना_कॅशियर: ती मुदत महामंडळाला, रिझर्व्ह बँकेला नाही. आणि विलीनीकरण दिसत असेल तर तेही आणखी 90 दिवस लांबवता येतं. पण प्रत्येक मुदतवाढीची कारणं छापा, एवढं मीही म्हणेन.

मिनू_डोंबिवली: कारणं छापतातच की, ‘जनहितार्थ’ म्हणून! बँकेकडे आज किती रोकड आहे, वसुली किती झाली, बोलणी कुणाशी चालू आहेत, हे छापा. ते आकडे नसतील तर मुदतवाढ नाही.